‘एक्स्टर्नल’ तुम्हीच निवडायचा: इंग्लंडमध्ये अप्रेंटिसच्या अंतिम मूल्यमापनासाठी संस्था कशी निवडावी

माझा भाऊ आयटीआयला फिटर ट्रेडला होता. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री त्याच्या मित्रांत एकच विषय असायचा: उद्या एक्स्टर्नल कोण येणार? कडक असेल की समजूतदार, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. एक्स्टर्नल आपण निवडू शकतो, असा विचारही कुणाच्या डोक्यात येत नसे.

इंग्लंडमध्ये किचन सांभाळायला लागले आणि हाताखाली पहिला अप्रेंटिस घेतला, तेव्हा कळलं की इथे हा हक्क एम्प्लॉयरला आहे. ज्याच्याकडे अप्रेंटिस कामाला आहे, त्यानेच शेवटी परीक्षा घेणारी संस्था निवडायची. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. ट्रेनिंग प्रोव्हायडरने, म्हणजे अप्रेंटिसला शिकवणाऱ्या संस्थेने, आणलेल्या कागदांत संस्थेचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. मी सही केली. पोरगा तयार झाल्यावर तारखेसाठी नऊ आठवडे वाट पाहिली आणि मिळाली ती मंगळवारी दुपारी अडीचची. त्या वेळी आमच्याकडे लंच आटोपून कट्टे पुसले जात असतात. असेसरला चालू सर्व्हिस पाहायची होती आणि दाखवायला किचनमध्ये एक ऑर्डर नव्हती. तारीख बदलायची तर वेगळे पैसे. पास झाल्यावर पगार वाढवायचं मी त्याला कबूल केलं होतं. ती वाढ त्याला तीन महिने उशिरा मिळाली, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

लेस्टर, स्लाउ, लंडन, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी आपली कितीतरी माणसं रेस्टॉरंट, दातांचा दवाखाना, चष्म्याचं दुकान, केअर होम किंवा छोटी आयटी कंपनी चालवतात. त्यांच्यापैकी जे पहिल्यांदाच अप्रेंटिस ठेवताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हे सगळं फक्त इंग्लंडला लागू आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये अप्रेंटिसशिपची व्यवस्था वेगळी आहे.

आधी चार शब्द

अप्रेंटिसशिपच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेला ‘एंड-पॉइंट असेसमेंट’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘ईपीए’. ती घेणारी संस्था म्हणजे असेसमेंट संस्था. तिने पाठवलेला माणूस म्हणजे असेसर. प्रशिक्षण संपवून परीक्षेला बसण्याची परवानगी ज्या टप्प्यावर मिळते, तो ‘गेटवे’.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. तुम्ही निवडता ती संस्था. माणूस ती पाठवते. अमुक असेसरच पाठवा, असं म्हणता येत नाही, आणि येऊही नये. मात्र आलेल्या असेसरचा तुमच्या अप्रेंटिसशी किंवा धंद्याशी काही संबंध असेल, म्हणजे तो नातेवाईक असेल, तुमच्याकडे पूर्वी कामाला असेल किंवा त्यानेच या मुलाला शिकवलं असेल, तर ते लगेच कळवणं तुमचं काम आहे.

ही स्वतंत्रता आली कुठून? जुन्या पद्धतीत शिकवणारी संस्थाच बऱ्याच अंशी ‘हा तयार झाला’ असा शिक्का मारायची. २०१२ साली डग रिचर्ड यांनी सरकारला दिलेल्या अहवालात आग्रह धरला की शेवटी एक परीक्षा असावी आणि ती शिकवण्याशी संबंध नसलेल्याने घ्यावी. पुढे एम्प्लॉयरच्या गटांनी एकेका कामासाठी ‘स्टँडर्ड’, म्हणजे त्या कामात काय काय यायला हवं याचा आराखडा, लिहिली आणि ३१ जुलै २०२० नंतर ‘फ्रेमवर्क’ नावाच्या जुन्या पद्धतीच्या अप्रेंटिसशिपमध्ये नवे प्रवेश बंद झाले. स्टँडर्डचं काम पाहणारी सरकारी संस्था आज ‘स्किल्स इंग्लंड’ आहे. जून २०२५ मध्ये तिने आधीच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर अप्रेंटिसशिप्स अँड टेक्निकल एज्युकेशन’कडून हे काम घेतलं, त्यामुळे जुन्या कागदांवर त्या इन्स्टिट्यूटचं नाव दिसलं तर गोंधळू नका.

पहिली पायरी: असेसमेंट प्लॅन वाचा, तोही योग्य आवृत्तीचा

संस्था शोधण्याआधी परीक्षा कसली आहे ते पाहा. प्रत्येक स्टँडर्डला एक क्रमांक असतो आणि त्याच्यासोबत असेसमेंट प्लॅन असतो. दोन्ही फुकट वाचायला मिळतात. त्यात ज्ञान, कौशल्य आणि वर्तन यांची यादी असते आणि कोणती बाब कोणत्या पद्धतीने तपासायची तेही दिलेलं असतं: कामाच्या जागी निरीक्षण, प्रॅक्टिकल, बहुपर्यायी चाचणी, प्रोजेक्ट आणि त्याचं सादरीकरण, किंवा पोर्टफोलिओ समोर ठेवून होणारी ‘प्रोफेशनल डिस्कशन’, म्हणजे आपली तोंडी परीक्षा.

मी पहिल्या वेळी हा प्लॅन वाचलाच नव्हता. वाचला असता, तर निरीक्षण खऱ्या सर्व्हिसमध्येच व्हायला हवं हे मला आधीच कळलं असतं.

इलेक्ट्रिशियनचं उदाहरण घ्या. तिथल्या परीक्षेचा मुख्य भाग ‘एएम२एस’ नावाची प्रॅक्टिकल. ती तुमच्या साइटवर होत नाही, मान्यताप्राप्त केंद्रावरच्या ठरलेल्या बूथमध्ये होते आणि जवळपास तीन दिवस चालते. सुरक्षित आयसोलेशन, वायरिंग, तपासणी आणि चाचणी, बिघाड शोधणं असं सगळं त्यात येतं. अशा स्टँडर्डमध्ये केंद्र किती लांब आहे, मुक्काम करावा लागेल का, तो खर्च कोण करणार, हे निवडीचे मोठे मुद्दे ठरतात. ऑफिसमधल्या कामाच्या स्टँडर्डमध्ये सगळं व्हिडिओवर उरकत असेल, तर तिथे अंतराचा प्रश्नच येत नाही.

आवृत्तीकडेही लक्ष द्या. २०२५ मध्ये सरकारने मूल्यमापनाची पद्धत बदलायला घेतली. एकेका स्टँडर्डचा नवा, आटोपशीर प्लॅन येतो आहे. नव्या पद्धतीत परीक्षेचा काही भाग प्रशिक्षण चालू असतानाच होऊ शकतो, काही भाग असेसमेंट संस्थेच्या देखरेखीखाली ट्रेनिंग प्रोव्हायडरही घेऊ शकतो, आणि अप्रेंटिसचं वर्तन तपासून खात्री देण्याचं काम एम्प्लॉयरकडे येतं. ‘एंड-पॉइंट’ हा शब्दही हळूहळू मागे पडतो आहे. तुमच्या अप्रेंटिसला कोणती आवृत्ती लागू आहे, हे मुख्यतः त्याने कधी सुरुवात केली यावर ठरतं. प्रोव्हायडरला हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरी पायरी: यादी काढा

सरकारच्या ‘अप्रेंटिसशिप प्रोव्हायडर अँड असेसमेंट रजिस्टर’मध्ये असलेल्या संस्थेलाच ही परीक्षा घेता येते, आणि तीही फक्त ज्या स्टँडर्डसाठी तिला मान्यता आहे त्याच स्टँडर्डची. संस्था मोठी आणि नावाजलेली असली तरी तुमच्या स्टँडर्डसाठी तिला मान्यता असेलच असं नाही. बहुतेक स्टँडर्डच्या परीक्षांवर ‘ऑफक्वाल’ या परीक्षा नियामक संस्थेची नजर असते आणि तिच्या सार्वजनिक रजिस्टरमध्ये परीक्षा आणि संस्था दोन्ही शोधता येतात. डिग्री अप्रेंटिसशिपवर ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ ही उच्च शिक्षणाची नियामक संस्था लक्ष ठेवते.

काही डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये परीक्षा पदवीतच गुंफलेली असते आणि विद्यापीठच ती घेतं. तिथे निवडायला काही उरत नाही. काही छोट्या क्षेत्रांत एकच संस्था असते. तुमच्या वाट्याला असं काही आलं तर तिसरी पायरी तरी करा. निवड नसली तरी प्रश्न विचारता येतातच.

माझ्या अनुभवात यादीतल्या तीन संस्थांशी बोलणं पुरेसं होतं. दहा जणांचे माहितीपत्रक गोळा केले तर सगळे सारखेच दिसायला लागतात.

तिसरी पायरी: फोन करा आणि हे विचारा

ईमेलला उत्तर म्हणून पीडीएफ येते. फोनवर माणूस बोलतो आणि त्याच्या बोलण्यावरून पुष्कळ कळतं. मी आता ठरवूनच फोन करते.

पहिला प्रश्न: आमच्या भागात, या स्टँडर्डसाठी, तुमच्याकडे सध्या किती असेसर आहेत? ‘देशभर आमचं जाळं आहे’ हे उत्तर झालं नाही. एका संस्थेने मला सरळ सांगितलं की आमच्या भागासाठी त्यांच्याकडे दोनच जण आहेत आणि त्यातली एक बाई सध्या रजेवर आहे. मी तीच संस्था निवडली, कारण खरी अडचण तिने आधीच सांगितली होती.

दुसरा: गेटवेचे कागद मिळाल्यापासून परीक्षेपर्यंत गेल्या काही महिन्यांत साधारण किती आठवडे लागले? आणि परीक्षेनंतर निकालाला? प्लॅनमध्ये परीक्षेसाठी काही कालावधी दिलेला असतो, पण त्यातला शेवटचा दिवस आणि पहिला दिवस यांत अप्रेंटिसच्या आयुष्याचा बराच काळ जातो.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: असेसरने हे काम शेवटचं प्रत्यक्ष कधी केलं? नियमाप्रमाणे असेसरला त्या क्षेत्राचं ताजं ज्ञान असावं लागतं. तरी मी विचारते. पंधरा वर्षांत ज्याने गरम तव्यासमोर उभं राहून सर्व्हिस दिलेली नाही, त्याला ऑर्डरच्या टिकिटांची रांग लागलेली असताना पोरगं शांत का झालं ते कळायचं नाही. त्याला ते घाबरलेलं वाटेल. खरं तर ते नीट काम करत असतं. केअर होममध्येही हेच. आजोबांनी आंघोळीला नकार दिला आणि केअररने जबरदस्ती न करता अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, तर काम अंगावर घेतलेल्या असेसरला त्यात कौशल्य दिसेल आणि नुसत्या चेकलिस्टवाल्याला अपुरं राहिलेलं काम.

चौथा: वेळ ठरवताना आमच्या कामाचं चक्र धरणार का? मी आता आधीच लिहून देते: गुरुवार ते शनिवार, संध्याकाळी सहानंतर. दातांच्या दवाखान्यात पेशंटची संमती लागेल, केअर होममध्ये राहणाऱ्यांची लागेल. हे सगळं त्यांना ठाऊक आहे का, की तुम्हालाच समजावून सांगावं लागतंय, तेही पाहा.

सरावासाठी काय देता, हे विचाराच. नमुना प्रश्नपत्रिका, मॉक चाचणी, निरीक्षणात काय पाहिलं जातं याचं साधं स्पष्टीकरण. काही संस्था हे सगळं नोंदणीबरोबर देतात, काही वेगळे पैसे घेतात.

अप्रेंटिसला डिस्लेक्सिया, कमी ऐकू येणं किंवा दुसरी काही अडचण असेल, तर जादा वेळ किंवा वाचून दाखवणारी व्यक्ती यासाठी अर्ज कधीपर्यंत आणि कोणत्या पुराव्यासह करायचा, हेही याच फोनवर ठरवा. गेटवे झाल्यावर धावपळ होते. इंग्रजी ही मातृभाषा नसणं या सवलतींच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून भाषेची तयारी वेगळी आणि आधीपासून करावी लागते.

पास होणाऱ्यांच्या टक्केवारीबद्दल मात्र मी फार विचारत नाही. आकडा मोठा असला तर संस्था चांगली, असं काही नसतं. तिच्याकडे येणारी मुलं चांगली तयार होऊन येत असतील, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ‘आमच्याकडे कुणी नापास होत नाही’ असं आडून सुचवणारी संस्था भेटली तर मी फोन ठेवते. माझ्या अप्रेंटिसचं सर्टिफिकेट बघून उद्या दुसरा शेफ त्याला कामावर घेणार आहे. त्या कागदाला वजन हवं.

चौथी पायरी: पैसे नीट समजून घ्या

इथे दोन वेगवेगळे ‘२० टक्के’ एकमेकांत मिसळतात.

पहिला: प्रत्येक स्टँडर्डला सरकारने कमाल रक्कम ठरवलेली असते, तिला फंडिंग बँड म्हणतात. परीक्षेचा खर्च सहसा त्या कमाल रकमेच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, अशी अपेक्षा असते. बँड ५,००० पाउंडांचा असेल, तर परीक्षा १,००० पाउंडांच्या आत. परीक्षेची रक्कम प्रशिक्षणासह ठरलेल्या एकूण किमतीतच धरलेली असते, आणि एकूण किंमत बँडच्या वर गेली तर वरचे पैसे तुमच्या खिशातून.

दुसरा: प्रोव्हायडरला मिळणाऱ्या रकमेतला शेवटचा २० टक्के भाग सरकार अप्रेंटिसशिप पूर्ण होईपर्यंत राखून ठेवतं. त्याचा परीक्षेच्या फीशी थेट संबंध नाही. पण पोरं लवकर परीक्षेला बसावीत, अशी घाई प्रोव्हायडरला का असते, त्याचं एक कारण इथे सापडतं.

ज्यांचं पगारबिल वर्षाला ३० लाख पाउंडांहून जास्त आहे त्यांना ०.५ टक्के लेव्ही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठीचा कर, भरावी लागते. आपल्यातले बहुतेक धंदे त्यात येत नाहीत. लेव्ही न भरणाऱ्यांना साधारणपणे ५ टक्के वाटा द्यावा लागतो आणि कमी वयाच्या अप्रेंटिससाठी तोही माफ होतो. म्हणजे परीक्षेच्या फीचा बहुतेक भार सरकारवर असतो. तरीही संस्थेकडून फोड लेखी मागा: नोंदणी किती, प्रत्येक भागाच्या फेरपरीक्षेचे किती, तारीख रद्द केल्यास किती आणि किती दिवस आधी कळवलं तर शून्य. मला चटका बसला तो या शेवटच्या ओळीत.

अप्रेंटिसकडून यातला एकही पैसा घ्यायचा नाही, परीक्षेचाही नाही आणि फेरपरीक्षेचाही नाही. हा नियम आहे. ‘नापास झालास तर तू भर’ असं कुणी मुलाला सांगत असेल, तर ते चूक आहे.

पाचवी पायरी: निवड तुमची, करार प्रोव्हायडरचा

संस्था तुम्ही ठरवायची आणि किंमतही तुम्ही बोलायची. लेखी करार मात्र तुमच्या वतीने मुख्य ट्रेनिंग प्रोव्हायडर करतो आणि पैसेही तोच देतो. त्यामुळेच बरेच प्रोव्हायडर आपली नेहमीची संस्था परस्पर लिहून टाकतात. त्यात दर वेळी खोट असते असं नाही. नेहमीचा व्यवहार असेल तर कागदपत्रं चटकन फिरतात. पण ती निवड तुमच्यापुढे मांडली गेली पाहिजे. साधा ईमेल पुरतो: “आम्ही अमुक संस्था निवडली आहे, करार झाल्यावर प्रत पाठवा.”

शिकवणारी आणि परीक्षा घेणारी संस्था एकाच समूहातली निघाली, तर दोन्ही बाजू कशा वेगळ्या ठेवल्या आहेत हे लेखी विचारा.

वेळेचं म्हणाल तर मी गेटवेच्या निदान सहा महिने आधी हे सगळं उरकते. खरं तर अप्रेंटिस रुजू होतानाच ठरवावं, म्हणजे पोर्टफोलिओ सुरुवातीपासून त्या संस्थेला हवा तसा तयार होतो.

सहावी पायरी: गेटवेला घाई नको

परीक्षेला बसायला तयार आहे, हा निर्णय एम्प्लॉयरचा असतो. प्रोव्हायडर सल्ला देतो, सही तुमची लागते. पोर्टफोलिओ, लागू असतील ती सर्टिफिकेटं, इंग्रजी आणि गणिताचा पुरावा हे सगळं याच वेळी पाहिलं जातं. फेब्रुवारी २०२५ पासून, सुरुवात करताना १९ किंवा अधिक वयाच्या अप्रेंटिसना एम्प्लॉयरची संमती असेल तर इंग्रजी-गणिताच्या परीक्षेशिवाय पुढे जाता येतं.

आणि नावं तपासा. आपल्या पासपोर्टवर मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात बसलेलं असतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, आणि कामावर सगळे भलत्याच छोट्या नावाने हाक मारत असतात. प्रोव्हायडरकडे एक नाव, परीक्षेच्या दिवशी दाखवायच्या ओळखपत्रावर दुसरं. ऑनलाइन चाचणीत कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र धरलं की तिथेच अडतं. नोंदणीच्या वेळीच ओळखपत्राप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

सातवी पायरी: परीक्षेचा दिवस आणि नंतर

निरीक्षणाच्या दिवशी रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्या, असा लावा की अप्रेंटिस त्याच्या नेहमीच्या सेक्शनवर असेल आणि कमी माणसांत चार जणांचं काम त्याच्यावर पडणार नाही. डिस्कशनसाठी शांत खोली द्या. फ्रीजरशेजारची नको, रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्रेसरच ऐकू येतो.

आपल्या मुलांना एक सांगून ठेवा. मराठी माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलताना सहज ‘आम्ही केलं’ म्हणतो. ‘मी’ म्हणणं त्याला मिरवल्यासारखं वाटतं. असेसरला मात्र ‘मी काय केलं आणि का केलं’ हेच ऐकायचं असतं. ‘आम्ही’ ऐकलं की नेमकं कुणाचं काम होतं ते त्याला कळत नाही आणि गुण देता येत नाहीत. माझ्याकडच्या एका मुलीने अप्रतिम काम करूनही सरावाच्या वेळी अख्खं बोलणं ‘वुई’मध्ये केलं. पंधरा दिवस आम्ही दोघींनी रोज दहा मिनिटं फक्त ‘आय’ने सुरू होणारी वाक्यं बोलायची प्रॅक्टिस केली. तिला डिस्टिंक्शन मिळालं.

एखादा भाग राहिला, तर दोन मार्ग असतात. जास्तीच्या प्रशिक्षणाशिवाय पुन्हा बसणं म्हणजे रीसिट, आणि आणखी शिकून पुन्हा बसणं म्हणजे रीटेक. किती दिवसांत बसायचं हे प्लॅनमध्ये असतं. बऱ्याच प्लॅनमध्ये दुसऱ्या खेपेला पासच्या वरची श्रेणी मिळत नाही, हे मुलाला आधीच माहीत असू द्या. निकाल पटला नाही, तर संस्थेकडे अपिलाची ठरलेली पद्धत आणि मुदत असते. अपिलात ‘आमचा मुलगा चांगला आहे’ याचा उपयोग होत नाही. प्लॅनमधल्या कोणत्या कलमाप्रमाणे वागलं गेलं नाही, ते दाखवावं लागतं. म्हणून निरीक्षणाच्या दिवशी असेसर किती वाजता आला, काय पाहिलं, मध्ये काय अडथळा आला, हे वहीत लिहून ठेवते.

पास झाल्यावर सर्टिफिकेटसाठी विनंती असेसमेंट संस्थाच करते आणि ते कुणाच्या नावाने, कोणत्या पत्त्यावर जायचं तेही तीच भरते. तो पत्ता आणि नावाचं स्पेलिंग पाठवण्याआधी एकदा अप्रेंटिसकडून वाचून घ्या.